गादीतलं पाणी

मी मुळातच तोंडाळ. घरात कोणी कण्हायला लागलं की म्हणायची, "नाटकं बंद कर." त्यामुळं माझीच कंबर धरली तेव्हा तीन वर्षं मी कोणाला धड सांगितलं नाही. खाटेवरून उठताना डाव्या कुल्ह्यातून पोटरीपर्यंत कळ जायची, ती ओठ दाबून गिळायची. चंद्रपूर जिल्ह्यात सावलीकडं आमची धानाची, म्हणजे भाताची शेती. लावणीचा रोवणा लागला की बायांची रांग चिखलात वाकते ती दिवस कलेपर्यंत, आणि पोरवयापासून त्या रांगेत माझी जागा ठरलेली. परवाच्या साली मात्र दुसऱ्याच दिवशी खाचरात, आमच्या भाषेत बांधीत, वाकले ती सरळच होईना. दोघींनी काखेत हात घालून मला बांधीच्या कडेला धुऱ्यावर आणून बसवलं. तिथं बसून मी बाकीच्यांच्या वाकलेल्या पाठी बघत राहिले आणि जन्मात पहिल्यांदा भ्याले. आपण परत त्या रांगेत वाकणार की नाही, एवढा एकच प्रश्न डोक्यात बसला.

शेजारणीची सून पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाची लाथ लागली की कमरेची उसण जाते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला बोलावून आणलं, तर ती बिचारी लाजत लाजत माझ्या कमरेला नुसता अंगठा टेकवत होती. मी ओरडले, "अवं, लाथ मार ना! पाया पडून राह्यली का माह्या?" जमलेल्या बाया खदखदून हसल्या. कळ जिथल्या तिथंच राहिली.

दिवाळीनंतर नवऱ्यानं चंद्रपूरला नेऊन एमआरआय काढला. गळ्यातली पोत, पायातली जोडवी, केसातल्या पिना, सगळं उतरवलं आणि मला त्या नळकांड्यात सरकवलं. मग आवाज सुरू झाला, कोणी पत्रा ठोकावा तसा. यंत्र माझ्या हाडामासातून आरपार बघत होतं आणि मला साधी गुदगुलीही होत नव्हती! बाहेर आल्यावर मशीनवाल्यानं पडदा दाखवला. एकावर एक मणके, मधे गाद्या, मागून जाणारी नसांची दोरी. इतकं नेटकं काम माझ्या आत चाललंय आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी विचारलं, "भाऊ, हे खरंच माहं हाये?" तो म्हणाला, "मग कोणाचं असंन बाई? आत तुमीच होत्या ना."

रिपोर्ट इंग्रजीत होता. डॉक्टरची भेट लवकर मिळेना, म्हणून नवऱ्यानं तो गावातल्या औषधाच्या दुकानदाराला दाखवला. त्यानं वाचून सांगितलं, "चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी बाहेर आली, अन् गादीतलं पानी सुकलं." नवऱ्यानं घरी येऊन तेवढंच सांगितलं आणि खाली मान घालून बसला. धानाच्या माणसाला पाणी सुकणं समजावून सांगावं लागत नाही. बांधी आटून भुईला भेगा पडल्या की धानाची मुळं तुटतात, मग वरून कितीही पाणी सोडा, गेलं ते गेलं. आम्हा दोघांनाही माझी पाठ तशीच दिसायला लागली.

"आजपासून वाकाचं नाई," तो म्हणाला. आणि दुसऱ्या सकाळपासून माझ्या उशाशी पाण्याचा गुंड, चांगला हंड्याएवढा. तासातासाला गिलास भरून पुढं करायचा, "पी. सुकलं ते भराले पायजे." मी चिडायची, "मी मानूस हाये का बांधी?" पण प्यायची, कारण मनातून मलाही तेच पटलं होतं. संडास अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवसातून वीसदा तिकडं चालत जायची आणि परत येऊन लाकडासारखी पडून राहायची. झाडलोट, चूल, सगळं तोच करायचा. रोवण्यातल्या बायांनाही त्यानं सांगून टाकलं, "पुढच्या साली हिले रांगेत धरू नका." त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून रडले.

होळीच्या आसपास गडचिरोलीच्या डॉक्टरबाईंकडं नंबर लागला. त्यांनी आधी माझे पाय उचलून पाहिले, अंगठ्यांचा जोर पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली. मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पांढरी दिसते ती ओली गादी, काळपट दिसते ती सुकलेली. "वयानं सगळ्यांच्याच गाद्या थोड्या सुकतात," त्या म्हणाल्या. "ज्यांना काहीच दुखत नाही, त्यांचे फोटो काढले तरी पुष्कळदा असंच दिसतं."

मी म्हटलं, "पन बाई, मी तर हंडे रिचवले." गुंडाची सगळी गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. तोंडानं प्यालेलं पाणी असं थेट गादीत जात नाही म्हणाल्या. गादीला मोठ्या माणसाच्या अंगात रक्ताची नळीच नसते. दिवसा ती आपल्या भारानं दबते, पाणी सोडते. रात्री आडवं झालं की आजूबाजूचं पाणी शोषून परत फुगते. "म्हणून माणूस सकाळी जरासा उंच असतो. तुम्हाला बरं वाटलं असेल तर ते वीस वेळा चालण्यानं. पडून राहू नका. पाय लुळा पडला, लघवीची जाणीव गेली तर मात्र त्याच दिवशी या."

सकाळी उंच? मला वाटलं, बाई गंमत करतायत. घरी येऊन मी दाराच्या चौकटीला पाठ लावली, नवऱ्यानं डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलीची रेघ मारली. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन्हींत करंगळीच्या रुंदीएवढं अंतर! "अगं माय!" मी खालीच बसले. मग त्याला उभं केलं, त्याचंही तसंच. म्हणजे जन्मापासून आम्ही दोघं रोज कमी होत होतो आणि रोज भरून येत होतो, न सांगता, न मागता. तो कितीतरी वेळ त्या रेघांवर बोट फिरवत होता. म्हणाला, "आपल्याले काईच मालूम नाई व."

मग चालणं सुरू झालं, डॉक्टरबाईंनी शिकवलेले व्यायाम सुरू झाले. दुखणं गेलं नाही. पण दुखलं म्हणजे आत काही फाटलं, ही धास्ती गेली.

श्रावणात आमच्या बांधीत रोवणा लागला. तासभरच वाकायचं, मधे मधे उभं राहायचं, असं ठरवून मी उशिरा गेले. रांग निम्म्याच्या पुढं सरकली होती. लावून झालेल्या भागात हिरवे परे, धानाची रोपं, उभे, आणि मधोमध एका बाईच्या रुंदीची पात, धुऱ्यापासून रांगेपर्यंत, नुसता चिखल. मला वाटलं, कोणीतरी आली नसेल.

"कोनाची व ही?" मी विचारलं.

शेजारीण वाकल्या वाकल्याच म्हणाली, "कोनाची म्हंजे? तुही. तुह्या घरवाल्यानंच सोडाले सांगतली."

मी मागं पाहिलं. तो धुऱ्यावर पऱ्यांची पेंडी घेऊन उभा होता, माझ्याकडं न बघता.