अमरावतीला टायर न मिळणारी सायकल

अमरावतीहून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये चढले, तेव्हा बाबांनी माझी एक बॅग परत खाली उतरवून घेतली. "सामान कमी ने, परत येताना त्रास होत नाही," म्हणाले. मी ते फारच मनावर घेतलं. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आजही फोल्डिंगचा पलंग आहे. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे विदर्भातून इकडे आले, त्यांच्याही माळ्यावर फ्रीजचं, टीव्हीचं रिकामं खोकं जपलेलं असेल. परत जाताना लागेल म्हणून.

बाबा गेले. आता दादा, माझा थोरला भाऊ, तिकडच्या घरावर मजला चढवतोय. दर रविवारी फोन: वरची खोली तुझ्यासाठी काढू का, रिटायर झाल्यावर येशील नं? मी किराण्यालाही यादी करून जाणारी बाई, पण या प्रश्नावर दर रविवारी "बघू" म्हणायची.

त्यात सायकल निघाली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची जुनी रोड बाइक. शनिवार पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांनी गुडघ्यांमुळे विकायला काढलेली. काय काय तपासायचं ते ठरवूनच गेले. फ्रेमला तडा नव्हता, रिम सरळ होती, चेनही ठीक. अडलं टायरपाशी. त्या मापाचे टायर आता सहसा मिळत नाहीत, पुण्यात एक दुकानदार मागवून देतो. अमरावतीला मिळतील का, असं मी विचारलं. ते मला कसं ठाऊक असणार, मास्तर म्हणाले. मग मी विचारलं, खोलून खोक्यात भरता येईल का?

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, चालवायची असेल तर घ्या. नुसती ठेवायची असेल, तर ती माझ्याकडेही उभीच आहे."

मी फेरी मारायला निघाले. कोपऱ्यावरून वळायचं होतं, ते नदीच्या पुलापर्यंत गेले. मान अवघडली, रिक्षावाल्याने शिवी घातली, आणि तरी परत फिरावंसं वाटेना. हिचे टायर जिथे मिळतात तिथेच राहावं लागेल, हे कळत होतं.

सायकल घेतली. रविवारची वाट न पाहता दादाला फोन लावला.

"वरची खोली भाड्याने दे."

मागे सिमेंट कालवल्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मग दिवाळीत झोपशील कुठं?"

"खाली. तुम्हा सगळ्यांत."

दिवाळीला गेले, तर वहिनीने माझ्यासाठी ठेवणीतली चादर काढली. पूर्वी त्या घरात मी कुणाच्याही पांघरुणात शिरायची. चादरीची कडक घडी मोडताना बरं वाटलं नाही, आणि तक्रार करायला जागाही नव्हती. घर कुठलं असं कुणी विचारलं, तर तोंडातून अजून अमरावतीच येतं. पाय मात्र दुसऱ्याच सकाळी चुळबुळ करू लागले. त्यांना कर्वेनगरला जायचं होतं.