दोर हातात देणारी कमलआत्या

आत्याची शाळा तिच्याच बापानं बंद केली.
एका गोष्टीपायी.

आज सकाळी बाळापूरला, तिच्या सासरी, कमलआत्या वारली. माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेचं हे तिनंच मला सांगितलेलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. अकोल्याच्या जुन्या शहरात घर, मोर्णेकाठी भाजीचा मळा.

शाळेच्या हस्तलिखित अंकात आत्यानं गोष्ट लिहिली. मळ्यात खुरपणाऱ्या सखूची. विहिरीला हात लावायची तिला बंदी. आपल्यातलं कुणी ओंजळीत पाणी ओतेपर्यंत ती उन्हात उभी.

तपासणीला आलेल्या साहेबानं इंग्रजांविरुद्धच्या दोन कविता काढायला लावल्या.
ही गोष्ट राहिली. त्याला आमच्या विहिरीशी काय देणंघेणं?

आजोबांना होतं.

त्यांना वाचता येत नव्हतं. लोकांकडून कळलं, तसे तडक वर्गात आले.

"फाड ते पान."

"आंदी वाचून दाखवू का, बाबा?"

तिनं वाचलं. शेवटचं वाक्य होतं, 'मीही तिला पाणी दिलं नाही, कारण बाबा बघत होते.'



"माहं नाव काहून घातलं ह्याच्यात?"

"तुमीच तं पाहून राहिले होते, बाबा."

आजोबांचा हात उठला. हेडबाई मधे आल्या.

"उद्यापासून शाळा बंद."

पान फाटलं नाही. शाळा मात्र सुटली ती सुटलीच. वर्षभरात लग्न झालं.

सासरीही मळा, विहीर, आणि लांब उभ्या राहिलेल्या मजूर बाया.

पहिल्याच उन्हाळ्यात आत्यानं बादलीचा दोर सरळ त्यांच्यातल्या एकीच्या हातात दिला.
"तूच काढ वं."

ती बाई घाबरली.

सासूनं पाहिलं. दोन दिवस अख्ख्या घरानं आत्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी आत्यानं परत दोर दिला.

मग रोज.

मी कॉलेजात स्वातंत्र्यानंतरचं साहित्य शिकवते. जात, बाई, पाणी, सत्ता, सगळे टॉपिक सिलॅबसमध्ये आहेत. एकदा न राहवून विचारलं, "आत्या, पुढं का गं नाही लिहिलंस?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"त्या गोष्टीत मी नुसती उभी रायली होती, पोरी. लय वर्सं ते मले टोचत होतं. लिवनं जमलं नाही मंग. पानी देनं जमलं."



येते गं आत्या, उद्या बाळापूरला.
तुझ्या भाचीचा शेवटचा नमस्कार.