जुन्या पुलाकडची जागा

होबर्ट टिडमोरला हॅचर तळ्यावर कुणी विचारलं, "कुठे लागला रे एवढा मोठा मासा?" तर तो म्हणायचा, "तोंडाला," आणि पुढे चालू लागायचा. विनोद त्याचा नव्हता, त्याच्या बापाच्याही आधीचा होता. पण अलाबामाच्या त्या कोपऱ्यात रीतच ती. बॅस मासा कुठे लागला हे खरं सांगणारा एक तर खुळा, नाहीतर त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं. रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसणारी माणसं सोमवारी तळ्याच्या धक्क्यावर बिनदिक्कत थापा मारायची, आणि पाद्रीबुवा त्यांत सगळ्यांच्या पुढे. त्याला कुणी पाप म्हणत नसे.

होबर्टची उभी हयात मोज्यांच्या गिरणीत गेली. पुढे गिरणी बंद पडली. बायको तर त्याच्याही आधी, बहिणीकडे चार दिवस जाऊन येते म्हणून गेली ती आलीच नाही. हाताशी राहिली ती गळाची काठी, तंगूस आणि एक जुनी हिरवी होडी. घरी बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून तो रोज तळ्यावर जायचा.

तळंही पूर्वीचं राहिलं नव्हतं. पूर्वी चार ओळखीच्या होड्या दिसायच्या. आता शहरातून चकचकीत होड्या येत, त्यांवर पाण्याखालचा मासा न् मासा दाखवणारे यंत्रांचे पडदे, आणि दर शनिवारी स्पर्धा. बॅस पकडायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आता इतक्या वेळा तोंड फोडून घेतलेला मासा शहाणा होणार नाही तर काय होणार? धक्क्याजवळ आमिषाचं दुकान चालवणारी मिस ओपल म्हणायची, "इथला मासा आमिष बघून माझ्या दुकानाचं नाव सांगेल."

असल्या तळ्यावर होबर्टला मासे मिळत, कारण त्याच्याकडे दम होता. केसासारखा बारीक तंगूस, त्याला करंगळीएवढं रबरी गांडूळ. ते तळाशी सोडायचं आणि हलवायचं नाही. दुसरा माणूस कंटाळून घरी जाईल इतका वेळ हलवायचं नाही. मासा लागला तरी हिसका वगैरे काही बसत नसे. तंगूस ओलं फडकं अडकावं तसा किंचित जड व्हायचा. तेवढं बोटाला कळलं पाहिजे.

पण जागाच नसेल तर नुसता दम काय चाटायचाय? म्हणून नाताळ संपला की तिथली जाणती माणसं लोकांनी टाकून दिलेली नाताळची झाडं गोळा करायची, त्यांना सिमेंटचे ठोकळे बांधायची आणि धुक्यात, कुणी नाही असं बघून तळ्यात बुडवायची. झाडांत बारके मासे आसरा घेतात आणि बारक्यांच्या मागे मोठे येतात. आपली झाडं कुठे बुडवली आहेत हे माणूस बायकोलाही सांगत नसे.

होबर्ट आणि त्याचा थोरला भाऊ वेस्टर यांची झाडं मात्र एकत्र असायची. होडी एकच, जागाही एकच. मग एका वर्षी वेस्टरनं आपल्या जावयाला त्या जागेवर नेलं. जावई पोरगा चांगला होता, पण तोंडाचा फाटका. पुढच्याच शनिवारी तिथे जत्रा भरल्यासारख्या होड्या. होबर्ट वहिनीच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "जागा विकलीस तू."

"विकली नाही. घरच्या माणसाला दाखवली," वेस्टर म्हणाला.

"मग मी कोण होतो?"

झालं. वेस्टरनं वेगळी होडी घेतली आणि तिच्यातली दुसरी खुर्ची काढून कोठारात टाकली. रविवारचं जेवण तेवढं चालू राहिलं, ते वहिनीमुळे. नेडीन दोघांच्या पानांत तळलेली कोंबडी वाढायची आणि हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांना तोंडभर खोटं सांगायचे. वेस्टर म्हणाला धरणाच्या खडकांपाशी, तर तो तळ्याला मिळणाऱ्या ओहोळात असणार. होबर्ट म्हणाला ओहोळात, तर खडकांपाशी बघावं. "वेस्टरसारखा वाटाड्या नाही," होबर्ट मिस ओपलला सांगायचा. "तो दाखवेल त्याच्या उलट जायचं, चुकायचं नाही." एकदा तर याच हिशेबानं त्यानं वेस्टरची बुडवलेली झाडं शोधून काढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिथून मोठा बॅस काढला. वेस्टर तेव्हा हसला होता. पण पुढचे दोन रविवार तो जेवायच्या टेबलावर मुका बसला.

वर्षं अशीच गेली. वेस्टरचे गुडघे गेले, होबर्टचं एका कानानं ऐकू येणं कमी झालं. खोटं तेवढं दोघांचंही धडधाकट होतं.

मार्चच्या सुरुवातीला, पाणी अजून हाड गोठवणारं असताना, एका सकाळी वेस्टरचा फोन आला. तळ्यावर जायच्या आधी तो कधी फोन करत नसे.

"मी जुन्या पुलाकडे चाललोय," वेस्टर म्हणाला. धरणाच्या बाजूला, पाण्याखाली गेलेला तो जुना पूल. "जानेवारीत तिथे झाडं बुडवलीत. कुणाला ठाऊक नाही. मोठे आलेत रे, होबर्ट. ये तू."

"बरं," होबर्ट म्हणाला.

"नुसतं बरं म्हणू नकोस. खरंच ये. एकट्यानं नांगर ओढायला आता होत नाही मला. थांबतो मी."

"येतो म्हटलं ना."

फोन ठेवला आणि होबर्टला हसू फुटलं. म्हातारा आता नांगर झेपत नाही म्हणायला लागला म्हणजे ओहोळात काहीतरी घबाड असणार. जुना पूल तळ्याच्या एका टोकाला, हॉग क्रीकचा ओहोळ बरोबर दुसऱ्या टोकाला. धक्क्यावर वेस्टरचा पिकअप उभा होता. होबर्टनं होडी पाण्यात घातली आणि क्षणभरही न थांबता ओहोळाकडे वळवली.

ओहोळात वेस्टर नव्हता. होबर्टनं प्रत्येक वळणावर मान लांब करून पाहिलं. मला येताना बघून आत कुठेतरी दडला असेल, असं त्याला वाटलं. मग त्यानं पडलेल्या एका झाडाजवळ गांडूळ सोडलं, आणि बऱ्याच वेळानं तंगूस जड झाला. चांगला दणकट बॅस होता. त्यानं त्याचा फोटो काढला, तो फक्त वेस्टरला दाखवून जळवायला.

दुपारी नेडीनचा फोन आला. "तो तुझ्याबरोबर आहे ना?"

"नाही. असेल इकडेच कुठेतरी. इथे फोन नीट लागत नाही कुणाचा."

"जेवायला येतो म्हणाला होता, होबर्ट."

"मासे लागत असतील, वहिनी. काळजी नको करूस."

पण तिसऱ्या प्रहरी वारा सुटला, तळ्यावर पांढऱ्या लाटा उठल्या, आणि होड्या एकेक करून धक्क्याला लागल्या. त्यांत वेस्टरची नव्हती. तेव्हा कुठे होबर्टही ओहोळातून धक्क्यावर आला. नेडीननं तोवर शोधपथक बोलावलं होतं. त्यांचा म्होरक्या, गॅरल्ड नावाचा जाडजूड माणूस, स्वतःही शनिवारच्या स्पर्धांना येणारा. त्यानं होबर्टला बाजूला घेतलं.

"मिस्टर टिडमोर, तुमचे भाऊ कुठे जातो म्हणाले होते?"

"जुन्या पुलाकडे म्हणाला. म्हणजे तिथे तो नसणार."

दुसरा कुणी असता तर त्यानं डोकं खाजवलं असतं. गॅरल्डनं मान डोलावली. त्याचा बापही जागा अशीच उलटी सांगायचा.

"मग कुठे?"

"हॉग क्रीक. लिहून घ्या माझ्याकडून."

"तरी एक होडी धरणाकडे पाठवू का?"

होबर्टनं तळ्याकडे पाहिलं. होड्या मोजक्या होत्या, आणि दिवस कलत होता. "वाया जाईल," तो म्हणाला. "भाऊ आहे माझा. मी ओळखतो त्याला."

सगळे ओहोळात गेले. ज्या शहरी पोरांच्या नावानं होबर्ट रोज बोटं मोडायचा, तीही आपापले पडदे लावलेल्या होड्या घेऊन आली आणि थंडीनं काकडत ओहोळाचा कानाकोपरा धुंडाळू लागली. पडद्यावर बुडालेली झाडं दिसत होती, झाडांतले मासे दिसत होते. होबर्ट काठाकाठानं हाका मारत होता. त्याचा घसा बसला तरी तो थांबेना.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा गॅरल्डच्या हातातला वायरलेस खरखरला. धरणाशेजारी राहणारी एक बाई कुत्र्याला फिरवायला बाहेर पडली होती. तिला खडकांआड एक होडी आदळताना दिसली होती.

वेस्टर खडकांवर होता. नांगर ओढताना तोल जाऊन तो पाण्यात पडला होता, आणि तरीही पोहत, सरपटत काठापर्यंत आला होता. एक पाय मोडलेला. अंगातलं जाकीट ओलं, त्याच्या बाह्या हातांवर ओढून घेतलेल्या. पथकातली एक मुलगी त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली होती. होबर्ट आलेला तिला दिसला नाही. ती गॅरल्डला हलक्या आवाजात म्हणाली, "अंग अजून पुरतं गार नाही झालेलं. गेला त्याला फार वेळ झाला नसावा."

होबर्टनं ते चांगल्या कानानं ऐकलं. तो वेस्टरच्या होडीपाशी गेला. होडीत पुढच्या बाजूला दुसरी खुर्ची बसवलेली होती. बोल्ट नवेकोरे होते. खुर्चीवर उशी होती, नेडीनच्या व्हरांड्यातली, आणि खुर्चीला टेकवून एक काठी ठेवलेली. तिला बारीक तंगूस लावून करंगळीएवढं गांडूळ अडकवलेलं होतं. वेस्टर स्वतः जन्मात कधी तसं गांडूळ वापरत नव्हता. त्याला तेवढा दमच नव्हता.

गॅरल्ड शेजारी येऊन उभा राहिला. "चूक माझी आहे. मी पाठवायला हवी होती एक होडी."

"तुम्ही विचारलं होतंत," होबर्ट म्हणाला. "मीच नको म्हणालो."

नेडीन धक्क्यावर मिस ओपलचा हात धरून उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. होबर्ट होडीतून उतरून तिच्यापुढे उभा राहिला. आजूबाजूच्या माणसांनी टोप्या काढल्या.

"जुन्या पुलापाशी होता?" तिनं विचारलं.

"हो."

"मला सकाळी म्हणाला, आज होबर्टला जागा सांगतो. तो तुला फोन करणार होता. केला का त्यानं? सांगितलं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. फोनवर दोघंच होते, आणि त्यांतला एक खडकांवर पडला होता. गॅरल्डला ठाऊक होतं, पण तो उगाच बोलणारा माणूस नव्हता. आणि असं सहज खोटं बोलायचा सराव होबर्टइतका त्या धक्क्यावर कुणाला नव्हता.

"सांगितलं," तो म्हणाला. "ये म्हणाला. थांबतो म्हणाला."

"मग?"

"मला वाटलं खोटं बोलतोय."

नेडीननं आरडाओरडा केला असता, थोबाडीत मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे दिवसभर वाट बघत होता रे तो तुझी."

"हो," होबर्ट म्हणाला.