बैलांचा दाखला आणि लोणारची वाट

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमच्या हिनं निजामाच्या मोगलाईबाहेरचं एक गाव पाहिलं नव्हतं. म्हणून माघात, ज्वारी हुरड्यात आली आणि काढणीला अवकाश होता तेव्हा, मी ठरवून टाकलं: इंग्रजी मुलखात, वऱ्हाडात जायचं आणि लोणारचं तळं पाहायचं. छकडा घरचा, बैल घरचे, मुक्काम झाडाखाली ताडपत्री बांधून. नवस नाही, सोयरीक नाही, नुसतं पाहायला निघालेलं जोडपं आमच्या राजुरात आम्हीच पहिलं. त्याचा मला तोरा होता.

तोरा तसा जुनाच. राजुरात मी लोकांचे अर्ज लिहून देतो. शिकलो उर्दू शाळेत. आजूबाजूच्या गावांतली माणसं कागद घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि मी वाचीन ते खरं मानतात. ही दुपारी बायकांना पोथी सांगते, पण ती हिला पाठ आहे असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधी नाही.

पहिला मुक्काम जालन्याला. जाणार असाल तर इथेच निजामाचे हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार घ्या, पुढे हाली कुणी हातात धरत नाही. सरकी आणि कडबाही इथूनच भरा. देऊळगाव राजाच्या अलीकडे हद्द लागते. आपल्या बाजूच्या जकात नाक्यावर मी तिथला उर्दू कागद असा खणखणीत वाचला की कारकुनानं बसायला खुर्ची दिली. हिच्याकडे वळून पाहिलं. ही बैलांना पाणी दाखवत होती.

पलीकडच्या नाक्यावर चष्मेवाल्या कारकुनानं बैलांचा दाखला लिहून दिला, मराठीत, बाळबोध अक्षरांत. दोरीवर धुणं वाळत घालावं तशी ती अक्षरं. मला त्यातलं एक लागेना. कपाळाला आठी घालून मी कागदावरून नजर फिरवली आणि घडी करून हिच्याकडे दिली.

"काय लिव्हलंय?" हिनं विचारलं.

"बैल जाऊ द्या म्हून लिव्हलंय. दुसरं काय असणार?"

हिनं कागद पेटीत ठेवला.

पुढे सिंदखेडचा जुना राजवाडा पाहिला, दुसरबीडजवळ बाभळीखाली पिठलं-भाकरी केली. सडक पक्की, बैल खुशीत. पण वाटेवरची एकही पाटी मला वाचता येत नव्हती, दर फाट्यावर उतरून कुणाला तरी विचारायचो आणि हिला सांगायचो, "खात्री करून घेतलेली बरी." पाचव्या दिवशी लोणार. कडेवर उभं राहिलं की खाली हिरवंगार पाणी आणि भोवती रान. पाणी इतकं खारं की प्यायची सोय नाही, पण हिनं त्यात माझं धोतर धुतलं आणि साबणाशिवाय फेस निघाला. कडेलाच धार आहे, तिचं पाणी गोड. दोन दिवस आम्ही तिथेच राहिलो. ही देवळांतल्या दगडी मूर्तींपुढे तासन्‌तास उभी राहायची. इतकी हसताना मी तिला घरी पाहिली नव्हती.

परतताना मेहकर-चिखलीवरून, दुसऱ्याच नाक्यानं मोगलाईत शिरून, धावड्याला बहिणीकडे जायचा माझा बेत होता. सुलतानपूरच्या फाट्यावर मी बैल मेहकरकडे वळवले, तर हिनं कासरा धरला.

"अहो, तिकडून न्हाई जाता येणार. दहा दिवसांत त्याच नाक्यानं परत या म्हून लिव्हलंय. न्हाई तर बैल इकडंच इकले असं धरतील आन्‌ जप्ती येईल."

"तुला काय म्हाईत?"

"वाचलं की. तुमी धारेवर गेल्ते तव्हा."

"मंग आजवर बोलली न्हाईस?"

"तुमी वाचलंय म्हन्ले व्हते. आज सांगतील, उद्या सांगतील, वाट बघून राह्यले व्हते."

"आन्‌ पोथी?"

"ती बी वाचतेच. बापानं शिकवलं."

लाजेनं माझे कान तापले. राग स्वतःचा होता, निघाला बैलांवर. चुलीवर चढवलेला माझा शहाणपणा माझ्या बायकोनं न जळू देता उतरवून ठेवला होता, हे कळायला तो अख्खा दिवस गेला.

नवव्या दिवशी नाक्यावर तोच चष्मेवाला कारकून. दाखला पाहून म्हणाला, "वा, अट लक्षात ठेवलीत. नीट वाचलेला दिसतो."

ही डोक्यावरचा पदर सारखा करत पटकन म्हणाली, "व्हय, ह्यायनीच वाचला."

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण बसवेना.

"न्हाई साहेब. मला बाळबोध येत न्हाई. हिनं वाचला."

कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला आणि वही तिच्यापुढे केली. "मग परतीची नोंद बाईंनीच तपासावी." तिनं ती उभ्या उभ्या, कुठेही न अडखळता वाचली: बैल दोन, एक तांबडा, एक पांढरा, पांढऱ्याचं डावं शिंग मोडलेलं. मागच्या गाडीवाल्यांनी माना पुढे काढल्या. माझी छाती त्या दिवशी जेवढी फुगली, तेवढी एकाही अर्जानं कधी फुगली नव्हती.

राजुरात येऊन चार महिने झाले. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मी पाटी घेऊन तिच्यापुढे बसतो. हे प्रवासवर्णन माझं बाळबोधीतलं पहिलं लिखाण. काल पोथी संपल्यावर तिनं ते इथवर बायकांना वाचून दाखवलं. मी आतून ऐकत होतो. नाका आला, दाखला आला, आणि लगेच सिंदखेडचा राजवाडा. मी जिथे खोटं बोललो होतो, तेवढ्या ओळी तिनं गाळल्या होत्या.

मी बाहेर ओट्यावर आलो, तिच्याजवळ बसलो आणि त्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे राह्यलं," म्हणालो. "हे बी वाच."