नाकानं निवडलेल्या खाणावळी

मुंबईच्या गिरणीत मला चौथं वर्ष लागलं होतं, तेव्हा गावाकडून, गुंजवण्याहून, काकांचं पत्र आलं. काका म्हणजे माझे थोरले चुलते. पत्र मास्तरांकडून लिहून घेतलेलं, मजकूर एवढाच, की काकीला घेऊन चार दिवस येतो, मासळीच्या चांगल्या खाणावळी बघून ठेव. जन्मात पुण्यापलीकडं न गेलेला माणूस खाणावळी बघून ठेव म्हणतो, हे वाचून दुसरा कोणी हसला असता. मला हसू आलं नाही, कारण मला घरची हकिगत ठाऊक होती.

काकी घाटाखालची. महाडाकडं खाडीकाठी ताज्या मासळीवर वाढली आणि लग्न होऊन आमच्या डोंगरात आली. पत्र आलं त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण भूक काही परतली नाही. घास तोंडात घोळवायची आणि ताट बाजूला सारायची. कोंबडीचा रस्सा झाला, दूध झालं, नवस झाले. शेवटी वैद्यांनी विचारलं, "बाई, मन कशावर जातं?" ती म्हणाली, "ताज्या मासळीवर." वैद्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की अन्न पोटात गेलं नाही तर ही पुढचा पावसाळा बघायची नाही. काकीच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. म्हणून भात झोडून होताच काका तिला घेऊन मुंबईला निघाले.

माझं स्वतःचं जेवण म्हणजे भाकरी आणि पिठलं. मासळीच्या बाबतीत गाढवाला गुळाची चव काय! मग मी गिरणीतल्या कोकणी सोबत्यांना विचारलं. त्यातही अडचण होती. गिरणगावच्या खाणावळींत पुरुषांच्या पंगती बसायच्या, बाईमाणसाला जागा नसायची. जिथं एखादी बाईच घरी खाणावळ चालवते आणि काकीला आत चुलीपाशी बसवून घेईल, अशीच जागा हवी होती. अशा तीन जागा मिळाल्या.

पहिल्या दिवशी त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या खाणावळीकडं मी दोघांना नेलं. काका दारातच थांबले आणि त्यांनी दोनदा वास घेतला.

"आरं, हितं मासा हाय कुठं? वासच न्हाई."

आणि मागं वळले. त्यांचं नाक गावात गाजलेलं होतं. आमच्याकडं मासळी यायची ती सुकी. नसरापूरच्या बाजारात काका सुकटाची मूठ नाकाशी न्यायचे आणि ज्यानं डोळ्यांत पाणी येईल तेच घ्यायचे. वास नाही तो मासा नाही, हा त्यांचा कायदा, आणि त्याविरुद्ध ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. तसेच वास घेत ते गल्लीनं पुढं गेले. नाक धरावं लागलं तिथं खूश होऊन थांबले. "ही खरी खाणावळ!" चालवणारी बाईच होती, म्हणून मीही मान डोलावली. काकीनं आत दोन घास खाल्ले आणि हात धुतला. प्रवासाचा शीण असेल, असं काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याहून उग्र वासाची शोधून काढली, तीही एका बाईचीच. तिथं काकीनं एकच घास खाल्ला.

परतताना काका पुढं चालले होते. मी हळूच विचारलं, "काकी, जेवान बरं न्हवतं का?"

"मासा शिळा व्हता. कालचा बी." ती शांतपणे म्हणाली. "ताज्या मासळीला वास येत न्हाई, बाबा."

"मग बोलली का न्हाईस?"

"वीस वर्सं ह्यांनी नसरापुरास्नं पायी सुकाट आनलं. आनलं की मी खाते कशी ते बघत बसायचे. त्या नाकाला मी आता नावं ठिवू व्हय?"

मला तिचा संताप आला. जीव जायची पाळी आली आहे आणि ही बाई नवऱ्याच्या नाकाची अब्रू सांभाळते आहे! पण रात्रभर तिचाच विचार करत राहिलो, आणि एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, हे आज म्हातारपणीही सांगतो.

सकाळी मी चक्क खोटं बोललो. पहिल्या खाणावळीची बाई काकीच्या माहेरकडची निघाली, दारातून परत गेलात म्हणून तिला वाईट वाटलं, असं काकांना सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं मग आदी सांगायचं! म्हायेरच्या मानसाचं दार टाळतंय का कुनी?"

खाणावळवाल्या बाईला मी आधीच गाठून ठेवलं होतं. तिनं काकीला हाताला धरून आत नेलं. आम्ही बाहेरच्या पंगतीत पाटावर बसलो. पानात तांबडं कालवण आणि ओले बोंबील आले. काकांनी वास घेतला, मासळीचा काही आला नाही, आणि त्यांचा चेहरा पडला. ते जेवेनात. सगळं लक्ष आतल्या दाराकडं. आतून नुसता भांड्यांचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. मग काकीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"बाई, भात वाढा आनखी. आनि कालवान बी."

काकांचा हात पानातच थांबला. "आयकलंस?" ते मला म्हणाले. "भात मागितला तिनं." आणि पंगतीतल्या दहा-बारा परक्या माणसांसमोर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. आमच्याकडं नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. काकांच्या तोंडून मी ते जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी दाराकडं तोंड केलं आणि तिला नावानं हाक मारली.

"सावकाश जेव," ते म्हणाले. "मी बसलोय हितं."