पाहुणचाराचं पाणी

नागपुरात पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नमुने घ्यायला बसतो. मला बाटल्या लक्षात राहतात, माणसं सहसा राहत नाहीत. कुहीकडच्या खेड्यातली ती बाई मात्र राहिली. तिच्या गल्लीतल्या लेकरांचे जुलाब थांबत नव्हते, म्हणून विहिरीचं पाणी आणायला मी तिला काचेची निर्जंतुक बाटली दिली होती.

तिनं भरून आणलेली बाटली नुसती लखलखत होती. टेबलावर ठेवण्याआधी तिनं ती पदरानं पुन्हा एकदा पुसली.

"राखेनं घासली, भाऊ. पानी गाळलं, चांगलं उकळलं."

मी कपाळाला हात लावला. पाण्यात जंतू आहेत का, तेच बघायचं होतं आणि हिनं ते घरूनच मारून आणले होते.

"काहून उकळलं वं मावशी?"

"लोकाच्या दारी घान पानी कसं न्याचं?"

मी दुसरी बाटली दिली आणि लेकरं पितात तेच पाणी, जसंच्या तसं आणायला बजावलं. या खेपेला तिनं बाटली पदराखाली झाकून आणली. माझ्या हातात देताना ती भिंतीकडे बघत होती.

अहवाल वाईट आला. तो न्यायला ती आली, तेव्हा मी रोजच्या कोरड्या सुरात सांगितलं, "विहिरीत औषध टाकेपर्यंत लेकरांना पाणी गाळून, उकळून द्या."

अहवालाची घडी घालता घालता ती थांबली.

"म्हंजे तुमच्यासाठी आनलं होतं, तसं?"