मधोमध घडी

भूममधल्या आमच्या टेलरमामांना साठी उलटल्यावर माणसांचे चेहरे काढायचा नाद लागला. माप द्यायला उभं राहिलं की टेप छातीवर असते आणि नजर नाकावर. मला अवघडल्यासारखं होतं.

एकदा वही दाखवून म्हणाले, "हे तुमी."

चित्र देखणं होतं, पण तो मी नव्हतो. वहीतली सगळीच माणसं एकमेकांची सख्खी भावंडं वाटत होती.

त्याचं कारण मला पुढं दिसलं. कापड दुमडून कापावं तसा मामा कागद मधोमध दुमडायचे, अर्धाच चेहरा काढायचे आणि घडी दाबून तोच दुसऱ्या अंगाला उमटवायचे.

"दोन्ही बाजू सारख्या नकोत व्हय?" ते म्हणाले.

"मामा, माझा उजवा खांदा उतरलाय. म्हणून कोटात तिकडं तुम्हीच जाड पॅड घातलं ना?"

मामांनी माझ्या उजव्या खांद्यावरून हात फिरवला. "खरंय. जन्मभर लोकांची खोट झाकली. हाताला तीच सवय लागली."

परवा पँट आणायला गेलो, तर त्यांनी वही पुढं सरकवली. कागदावर घडी नव्हती. नाक फसलं होतं, कान तर दुसऱ्याच कुणाचे होते. पण डावी पापणी अर्धी मिटलेली होती, फोटोवाले दर वेळी नीट करून देतात ती.

"लई वाकडं झालं का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"नाही मामा, हा मीच आहे."

त्यांनी गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली.

"मग बसा. आता कान बघू."